तेल संपलं की वात जळते

गेल्या शनिवारी एकविसावा रोजा होता. इफ्तारला दहा-बारा मिनिटं बाकी होती. दस्तरखानावर खजूर, कलिंगडाच्या फोडी, भजी मांडून झाली होती आणि घरातली मुलं घड्याळाकडं डोळे लावून बसली होती. माझी धाकटी बहीण सरबताचे पेले भरता भरता सहज म्हणाली, "भाई, आज बावीस मार्च."

मला पटकन काही आठवलं नाही. तेव्हा तीच म्हणाली, "पाच वर्षं झाली. संध्याकाळी पाच वाजता तुम्ही सगळ्यांनी गच्चीवर उभं राहून थाळ्या वाजवल्या होत्या. मी ड्यूटीवर होते. वॉर्डात आवाज येत होता."

"कसं वाटलं होतं?"

"चांगलं वाटलं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी."

तेवढ्यात अजान झाली आणि विषय तिथंच राहिला. पण तिचे ते शेवटचे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. रात्री तरावीहवरून आल्यावर तिला विचारलं, तुझ्याबद्दल लिहू का? तिनं दोन अटी घातल्या. तिचं आणि रुग्णालयाचं नाव यायला नको. आणि तिला 'कोविड योद्धा' म्हणायचं नाही. पहिली अट मला लगेच समजली. दुसरी समजायला हा लेख लिहावा लागला.

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये इथं रुग्णालय उघडलं, तेव्हापासून सांगली-कोल्हापूरच नव्हे, तर उत्तर कर्नाटकातूनही माणसं रेल्वेत बसून मिरजेला उपचारांसाठी येतात. मीरासाहेबांच्या दर्ग्यात दुआ मागायची आणि औषध दवाखान्याचं घ्यायचं, ही इथली रीत. त्यामुळं आमच्याकडं प्रत्येक गल्लीत एखादी सिस्टर, एखादा वॉर्डबॉय, लॅबमध्ये काम करणारा एखादा पोरगा असतोच. आमच्या घरात ही आहे. नोकरीला सतरा वर्षं झाली.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि तोच टाळेबंदीचा पहिला दिवस होता. बरोबर महिन्यानं, २५ एप्रिलला, पहिला रोजा आला. मशिदी बंद, तरावीह घरात, बाजारात शुकशुकाट. बहिणीची ड्यूटी कोविड वॉर्डात लागली होती. पीपीई किट एकदा चढवलं की सहा-सात तास ना पाणी, ना लघवीला जाणं. मे महिन्याचा उकाडा, आतून घामाची धार, चष्म्यावर वाफ. तिच्याबरोबरची एक सिस्टर मोठी विनोदी. ती म्हणायची, "अगं, हे किट घातलं की आमचा पण रोजाच की! फक्त आम्हाला सवाब मिळत नाही." त्यावर ही म्हणायची, "माझ्यातला अर्धा घे." दोघींचा तो विनोद रोज व्हायचा आणि रोज त्यावर हसू यायचं. हसू येत होतं, हे महत्त्वाचं. पुढं ते बंद झालं.

आता घरचं सांगतो, कारण ते लपवून हा लेख लिहिता येणार नाही. अम्मी सत्तरीच्या, त्यात मधुमेह. बहिणीचे मियाँ आखातात नोकरीला, विमानं बंद म्हणून तिकडंच अडकलेले. मुलगी आठ वर्षांची. बहिणीला आम्ही वरच्या खोलीत ठेवलं. तिचं ताट मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवायचो, खाली यायचो आणि मग हाक मारायचो. सावधगिरी म्हणून ते बरोबरच होतं. पण ताट ठेवताना दोन वाक्यं बोलता आली असती. मी बोलत नव्हतो. मला भीती वाटायची. घाईघाईनं ताट ठेवून परत फिरणारी माझी पाठ तिनं रोज पाहिली.

मोहल्ल्यातही तेच. ती येताना दिसली की लोक दरवाजे लोटून घ्यायचे. शेजारच्या एका चाचींनी अम्मींना निरोप पाठवला, की यंदा इफ्तारीची ताटं इकडं-तिकडं नकोत. आणि तिकडं वॉर्डात? त्या दिवसांत टीव्हीवर दिल्लीच्या मरकजच्या बातम्या सकाळ-संध्याकाळ चालू होत्या. किटमध्ये चेहरा दिसत नाही म्हणून छातीवर मार्करनं नाव लिहीत. एका वयस्क रुग्णानं ते वाचलं आणि दुसऱ्या सिस्टरला बोलवायला सांगितलं. बहीण ते सांगताना चिडलेली नव्हती. एवढंच म्हणाली, "दोन्हीकडं सारखंच. तिकडं माझ्या नावाची भीती, इकडं माझ्या नोकरीची."

पण २०२० तरून गेलं. माणसाला वाटतं, एवढं झालं की संपलं.

२०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आणि पहिला रोजा दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलला. त्याच रात्री आठपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. त्या लाटेचे आकडे वाचकांना आठवत असतील. मेच्या सुरुवातीला देशात दिवसाला चार लाखांवर नवे रुग्ण नोंदले जात होते. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा निकष आहे. बहिणीकडं एका पाळीत कधी सहा, कधी आठ असत. कोणाला पालथं झोपवायचं, कोणाचा ऑक्सिजन किती लिटरवर ठेवायचा, आहेत ते सिलिंडर किती तास पुरतील, हे गणित डोक्यात सतत चालू. नातेवाइकांना आत प्रवेश नाही. म्हणून रुग्णाच्या तोंडासमोर मोबाइल धरायचा, घरच्यांना शेवटचं दाखवायचं, हेही तिचंच काम. तिनं असे किती फोन धरले, ते मी विचारलं नाही. तिनंही मोजलेले नसावेत.

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस, म्हणून जागतिक परिचारिका दिन. त्या वर्षी तो एकोणतिसाव्या रोजाला आला होता. माझ्या फोनवर दिवे, फुलं, पंख असलेल्या परिचारिकांची चित्रं येत होती. मीही चार जणांना पुढं पाठवली. त्याच दिवशी तिची पिशवी उचलून ठेवताना मला आत बिस्किटाचा अर्धा पुडा दिसला. बाईसाहेब रोजे धरत नव्हत्या! मी तिला जिन्याखाली उभं करून सब्रवर चांगलं दहा मिनिटांचं व्याख्यान दिलं. दोन भाषांत एम. ए. केलेला माणूस, व्याख्यान देणं हा पोटापाण्याचा धंदा. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजातून सवलत आहे, जिवावर बेतत असेल तर रोजा सोडता येतो, नंतर भरून काढता येतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी ते आठवलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि वर गेली. उलटून बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी, जुलैत, कृष्णेला पूर आला. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर, मग पहिली लाट, मग दुसरी, मग पुन्हा पूर. आमच्या जिल्ह्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी दोन वर्षांत हे सगळं पाहिलं. मधे श्वास घ्यायला जागा नव्हती.

आणि गंमत बघा, ती मोडली ते या सगळ्यानंतर. २०२२ मध्ये कोविड वॉर्ड बंद झाला होता, मास्क गळ्यावर आले होते, कॉलेजं भरू लागली होती. एका रात्री अपघातातला एक तरुण पोरगा गेला. त्याची आई बहिणीचा हात धरून आकांत करत होती. "आणि भाई, माझ्या मनात काय चाललेलं? फॉर्म भरायचा राहिलाय. बस, एवढंच. मला काहीच वाटलं नाही. मग मलाच माझी भीती वाटली."

घरी येऊन ती बसून राहायची. मुलीच्या अभ्यासावर ओरडायची, मग आपणच रडायची. नोकरी सोडते म्हणायची. मला आता इंजेक्शनसुद्धा नीट देता येत नाही म्हणायची. हे खरं नव्हतं, तिचा हात पूर्वीइतकाच हलका होता. अम्मींनी नजर लागली म्हणून पाणी पढून दिलं. मी म्हणालो, दोन दिवस रजा काढ, झोप काढ. शेवटी ओळखलं ते आमच्यापैकी कुणी नव्हे, तर तिच्या इन्चार्ज सिस्टरनं. 'माझा अर्धा सवाब' वाल्या मैत्रिणीनं त्यांना सांगितलं होतं, की ही आता हसत नाही. त्या दोघी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडं घेऊन गेल्या. तिथं तिला तो इंग्रजी शब्द पहिल्यांदा भेटला: बर्नआउट.

हा शब्द अभ्यासात आणणारे हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ. दिवसभर स्वतःचा व्यवसाय करून रात्री ते गोरगरिबांच्या मोफत दवाखान्यात काम करत. तिथले जीव ओतून काम करणारे सहकारी एकेक करून आतून रिकामे होताना त्यांनी पाहिले, स्वतःवरही ती पाळी आली, आणि १९७४ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं. पुढं क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी ते मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात त्याची व्याख्या दिली. तिच्यात तीन खुणा आहेत. सगळी शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मनानं दूर जाणं किंवा त्याबद्दल कडवट होणं, आणि आपल्याला आता काम जमत नाही असं वाटू लागणं. संघटनेनं त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट न हाताळल्यामुळं होणारी अवस्था, असं म्हटलं आहे. म्हणजे दोष माणसाच्या मनात शोधण्याआधी त्याच्या ड्यूटीच्या तक्त्यात शोधा, असाच त्याचा अर्थ होतो.

भाषेचा माणूस म्हणून मी या शब्दाला मराठी आणि उर्दू प्रतिशब्द शोधत बसलो. 'थकवा' म्हणावं तर तो झोपेनं जातो. 'थकन' म्हटलं तर त्यात एक गोडवाही आहे, दिवसभराच्या कष्टानंतरचा. हे ते नव्हे. शेवटी अम्मींनीच सांगितलं. त्यांच्या लहानपणी घरात वीज नव्हती. त्या म्हणाल्या, "दिव्यात तेल आहे तोवर तेल जळतं. तेल संपलं की वात जळायला लागते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, दिवा चालू आहे." ५ एप्रिल २०२० च्या रात्री आपण सगळ्यांनी नऊ मिनिटं दिवे लावले होते, ते मला आठवलं. तेल कुणाचं किती उरलंय, हे कुणी पाहिलं नव्हतं.

तिची दुसरी अट मला इथं समजली. योद्धा म्हटलं की दमलो म्हणायची सोय उरत नाही. सैनिकानं रणातून रजा मागायची म्हणजे पळपुटेपणाच. आपण मान दिला, पण त्या मानाबरोबर तोंडही बंद केलं.

सेवेची आणि त्यागाची मोठी परंपरा आपल्या सगळ्यांकडं आहे. इस्लामच्या इतिहासात हजरत रुफैदा अस्लमिया यांचं नाव येतं. मदिनेत प्रेषितांच्या मशिदीत त्यांचा तंबू होता आणि खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज यांना त्याच तंबूत ठेवलं होतं. इकडं आपल्या मातीत सावित्रीबाई फुले आहेत. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्यांनी प्राण सोडला. ही नावं घेताना मान आपोआप झुकते. पण सावित्रीबाईंसारख्या प्राण देणाऱ्यांच्या कथा सांगता सांगता आपल्याला एक सवय लागली आहे. सेवा करणारा खपला की त्याला नमस्कार करायचा. जिवंत राहून सुटी मागू लागला की कपाळावर आठ्या आणायच्या.

म्हणून रमजानच्या या पानावर मला दुसरी एक गोष्ट सांगायची आहे. बुखारी शरीफमध्ये ती आली आहे. प्रेषितांनी हजरत सलमान फारसी आणि हजरत अबू दरदा यांच्यात भाऊपणाचं नातं जोडून दिलं होतं. सलमान एकदा भावाच्या घरी गेले, तर वहिनी अगदी विटक्या कपड्यांत. विचारलं तेव्हा कळलं, की अबू दरदांचं संसारातून लक्षच उडालं आहे. दिवसभर रोजा आणि रात्रभर नमाज. जेवण समोर आलं तेव्हा अबू दरदा म्हणाले, माझा रोजा आहे, तुम्ही घ्या. सलमान अडून बसले, की तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. नफिल रोजा होता, त्यांना तो सोडावा लागला. रात्री अबू दरदा नमाजला उठू लागले, तर सलमाननी झोपवलं. पुन्हा उठले, पुन्हा झोपवलं. रात्र सरत आली तेव्हा दोघांनी मिळून नमाज पढली. मग सलमाननी समजावलं, की तुमच्यावर अल्लाहचा हक आहे, तसा तुमच्या स्वतःचा हक आहे आणि घरच्यांचाही आहे. ज्याचा त्याला द्या. ही तक्रार प्रेषितांपर्यंत गेली, तेव्हा त्यांनी सलमानचंच खरं असं सांगितलं.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण जिन्याखाली उभ्या केलेल्या बहिणीसमोर ती आठवली नाही. तिथं विश्रांती ही मेहेरबानी नाही, सवलतही नाही. तो 'हक' आहे, आणि तो न दिल्यास ती चूक आहे. शिवाय अबू दरदांनी स्वतःहून विश्रांती मागितलेली नव्हती. बघणाऱ्या भावानं ते ओळखलं आणि आपला घास अडवून धरला. दमलेला माणूस मागत नाही, दुसऱ्यानं बघायचं असतं.

हक म्हटलं, की तो नुसता घरच्यांनी देऊन भागत नाही. साथीच्या काळात सरकारनं काही गोष्टी केल्या. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर झाला. त्यांच्यावरच्या हल्ल्यांसाठी एप्रिल २०२० मध्ये १८९७ चा साथरोग कायदा कडक केला गेला. पण हा विमा मेल्यानंतरचा आणि हा कायदा मार खाल्ल्यानंतरचा. जगत्या, कामावर उभ्या माणसाचं काय? आपल्या आशाताई बघा. घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजत त्याच फिरल्या. कागदोपत्री त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी त्यांना राज्यात संपावर जावं लागलं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. टाळ्या जगभरातून आल्या, पण मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरावं लागलं.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, की जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडनं गेले असावेत. जे गेले त्यांचा अंदाज तरी आहे. जे उरले, पण आतून विझले, त्यांची मोजदाद कोण करणार? न्यूयॉर्कच्या डॉ. लॉर्ना ब्रीन या आपत्कालीन विभागाच्या डॉक्टर. एप्रिल २०२० मध्ये, पहिल्याच लाटेत, त्यांनी जीवन संपवलं. त्यांच्या घरच्यांनी गप्प न बसता पाठपुरावा केला आणि मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत त्यांच्या नावानं आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी कायदा झाला. आपल्याकडं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटानं २०२४ मध्ये शिफारस केली, की निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नसावं आणि आठवड्याची एक सुटी मिळावी. ७४ तास हा आकडा पुन्हा वाचा. ही मर्यादा आहे आणि तीही अजून मागावी लागते.

बहिणीला मी विचारलं, तुला काय हवं होतं? तिची यादी लहान निघाली. आठवड्याची सुटी, जी फोन करून रद्द होणार नाही. पाळी संपल्यावर दहा मिनिटं बसायला एक खोली. रुग्ण दगावला तर लगेच पुढच्या खाटेकडं न पाठवता एखादा ग्लास पाणी. आणि मन दुखलं तर सांगायला कुणीतरी, ज्यानं ते सेवापुस्तकात लिहू नये. यातली कोणती गोष्ट महाग आहे?

आपणही काही करू शकतो. रुग्णालयात गेल्यावर समोरची सिस्टर बाराव्या तासाला असू शकते, एवढं लक्षात ठेवलं तरी आवाज आपोआप खाली येतो. घरात कुणी या नोकरीत असेल तर "आज किती पेशंट?" याऐवजी "आज जेवलीस का?" विचारावं. आणि वात जळतेय असं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, तो विनामूल्य आहे. तिथं बोलण्यात कमीपणा नाही. बहिणीला उपचारांनी सात-आठ महिन्यांत उतार पडला. अतिदक्षता सोडून ती आता बाह्यरुग्ण विभागात आहे. त्या वर्षी राहिलेले रोजे तिनं कधीच भरून काढले. जिन्याखालच्या व्याख्यानाबद्दल मी मात्र गेल्या शनिवारी, तरावीहनंतर, पहिल्यांदा माफी मागितली. ती म्हणाली, "ते ठीक आहे. ताटाचं जास्त लागलं होतं."

यंदा पाडवा येत्या रविवारी आहे आणि ईद चंद्रावर अवलंबून सोमवारी किंवा मंगळवारी. रुग्णालयांत जुनी पद्धत आहे, तुमच्या सणाला आम्ही ड्यूटी करतो, आमच्या सणाला तुम्ही करा. साथीत ती मोडली होती; कुणालाच सुटी नव्हती, तर बदली कशाची करणार? यंदा ती पुन्हा चालू आहे. पाडव्याला बहीण कामावर जाईल आणि ईदला ती विनोदी सिस्टर तिची पाळी घेईल. शीरखुर्म्याचा डबा तिच्याकडं पोचवायचा, एवढं माझ्याकडं लागलंय. मैत्रिणीनं फोनवर बजावलंय, "चंद्राचं काय ते आदल्या रात्री कळव गं, म्हणजे मला गजर लावायला."

ईदच्या दिवशी काय करणार, असं मुलीनं विचारलं, तेव्हा बहीण म्हणाली, "पहाटे नमाज झाली की झोपणार. दुपारपर्यंत." मुलगी आता तेरा वर्षांची आहे. तिनं एका कागदावर मोठ्या अक्षरांत 'उठवू नये' असं लिहून तो वरच्या खोलीच्या दाराला आत्ताच चिकटवून ठेवला आहे. पाहुण्यांनो, खाली या. शीरखुर्मा खाली आहे.